अमेरिकेतल्या कॉलेजात मुलींच्या तलवारबाजी संघाची कोच : ही नोकरी नक्की कशी असते?

प्रश्न छत्रपती संभाजीनगरहून आलाय. विचारणारी मुलगी सेबर (तलवारबाजीतल्या फॉइल, एपी, सेबर या तीन हत्यारांपैकी एक) खेळते, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून झाल्यात, सध्या एम.पी.एड. करतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं : "अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या तलवारबाजी संघांना पगारी कोच असतात म्हणे. हे खरंच करिअर आहे का? काम काय असतं, मुलींचा संघ म्हणून वेगळं काय, नोकरी पक्की असते का, पगार किती, आणि माझ्यासारखीला तिथं शिरता येईल का?"

करिअर आहे. मी तेच करते. महाराष्ट्रात फॉइल खेळले, पुढच्या शिक्षणासाठी इथे आले, बरीच वर्षं असिस्टंट कोच होते आणि आता फक्त मुलींचा संघ असलेल्या एका कॉलेजची हेड कोच आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे पगाराचं आणि वरिष्ठांचंही बोलायचंय. तू वयाने लहान आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

लेसन (कोचने एकेका खेळाडूला समोर घेऊन दिलेला वैयक्तिक सराव) कसा द्यायचा वगैरे नंतर. ही नोकरी कशाच्या जिवावर चालते ते आधी समजून घे, नाहीतर बाकीचं सगळं उलटं दिसेल. कॉलेजची तलवारबाजी बघायला इथे तिकीट काढून कोणी येत नाही. टीव्हीचा पैसा नाही, शाळाशाळांत खेळ पसरलाय असंही नाही. तरी कॉलेजं कोच ठेवतात, कारण त्यांचा हिशेब बसतो. तो हिशेब दोन ठिकाणी लागतो : एक कायद्याच्या वहीत, दुसरा प्रवेशाच्या वहीत.

कायदा म्हणजे १९७२ चा 'टायटल नाइन'. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि त्यात खेळही आले. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात शंभराच्या आसपास मुलगे असतात. तेवढ्या संधी मुलींच्या बाजूलाही दिसायला हव्यात. मग रोइंग, घोडेस्वारी, तलवारबाजी असे संघ उभे राहतात. तलवारबाजीत वीसेक मुली मावतात, मैदान लागत नाही, एक बरा हॉल पुरतो. टेम्पल, नॉर्थवेस्टर्न, कॉर्नेल या विद्यापीठांत तलवारबाजीचा संघ फक्त मुलींचा आहे, मुलांचा नाही. हे आपल्याकडच्या माणसाला सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही.

हा कायदा किती पक्का आधार देतो ते २०२० मध्ये दिसलं. मे महिन्यात ब्राउन विद्यापीठाने अकरा संघ बंद करायचं जाहीर केलं, त्यात मुलांची आणि मुलींची दोन्ही तलवारबाजी होती. त्या विद्यापीठावर १९९२ पासूनचा एक जुना टायटल नाइनचा खटला होता आणि त्यातल्या तडजोडीची अट अजून लागू होती. खेळाडूंचे वकील कोर्टात गेले. सप्टेंबरमध्ये नवी तडजोड झाली आणि मुलींची तलवारबाजी आणि मुलींची घोडेस्वारी परत आली. मुलांची तलवारबाजी आली नाही. एकच हॉल, खेळायच्या त्याच पट्ट्या (पिस्ट), पण एक संघ वाचला आणि एक गेला. स्टॅनफर्डनेही त्याच वर्षी जुलैत अकरा खेळ बंद करायचं ठरवलं होतं, दोन्ही तलवारबाजी त्यात होत्या. माजी खेळाडूंनी रान उठवलं तेव्हा मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. तेव्हा नोकरी पक्की आहे का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं : मुलींच्या संघाची कोच मुलांच्या कोचपेक्षा जरा जास्त पक्की, पण बजेट आवळायची वेळ आली की यादीत आपलं नाव वरच असतं.

जागा किती? एनसीएए म्हणजे इथली कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, तिच्या तिन्ही डिव्हिजन (१ सगळ्यात वरची) मिळून मुलींचे संघ पन्नासच्या आत आहेत. बहुतेक ठिकाणी मुलं आणि मुली मिळून एकच हेड कोच. त्याखाली एक, दोन, फार तर तीन असिस्टंट. म्हणजे सगळ्या देशात मिळून ही दुनिया इतकी लहान आहे की सगळे सगळ्यांना ओळखतात. एकाशी वाकडं घेतलंस तर ते दहा ठिकाणी कळतं.

या कामात आयुष्य कसं जातं हे बघायचं असेल तर निक्की फ्रँके यांचं उदाहरण घे. न्यूयॉर्कच्या, कृष्णवर्णीय, फॉइलच्या खेळाडू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळल्या, १९८० च्या संघातही होत्या, पण त्या वर्षी अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात १९७२ पासून त्यांनी मुलींचा संघ सांभाळला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. पन्नास वर्षं, एकच विद्यापीठ, ८९८ विजय. टायटल नाइन ज्या वर्षी आला त्याच वर्षी त्यांनी काम सुरू केलं, हा नुसता योगायोग नव्हे. आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे त्या तिथे आरोग्यशिक्षणाच्या प्राध्यापकही होत्या, डॉक्टरेट घेतलेल्या. त्या पिढीत कोचचं काम ही बहुतेकदा अर्धी नोकरी होती. उरलेली अर्धी वर्गात. तू एम.पी.एड. करतेयस ते वाया जात नाही, असं मी म्हणते ते याच्याचमुळे. आजही छोट्या कॉलेजांत कोचला शारीरिक शिक्षणाचे तास किंवा खेळ विभागातलं दुसरं एखादं काम जोडून पूर्ण वेळाची नोकरी बनवतात. ज्याला दुसरं काही येत नाही त्याला तिथं घेत नाहीत.

मुलींच्या कॉलेज तलवारबाजीची परंपरा टायटल नाइनच्या कितीतरी आधीची आहे, हेही लक्षात ठेव. ज्युलिया जोन्स आणि तिच्या मैत्रिणींनी १९२९ मध्ये कॉलेजच्या मुलींची तलवारबाजी संघटना सुरू केली. ती संघटना आजही स्पर्धा भरवते. पण तेव्हा मुलींना फक्त फॉइल होतं. ऑलिंपिकमध्येसुद्धा १९२४ ला फॉइल आलं, एपी थेट १९९६ ला अटलांटात, आणि तुझं सेबर २००४ ला अथेन्समध्ये. कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचं सेबर २००० पासून आहे. त्यामुळे फॉइल आणि एपीच्या मानाने इथे मुलींचं सेबर शिकवणाऱ्या, स्वतः सेबर खेळलेल्या बायका कमी आहेत. तुझ्या बाजूने हा एक मुद्दा नक्की आहे.

आता काम. वर्षाची आखणी अशी : ऑगस्टच्या शेवटी मुली येतात, शरदात सराव आणि थोड्या स्पर्धा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कॉलेज-कॉलेज सामने, मार्चच्या सुरुवातीला विभागीय पात्रता, मार्चअखेर राष्ट्रीय स्पर्धा. डिव्हिजन १ मध्ये हंगामात मुलीला आठवड्याला २० तासांच्या वर सराव लावता येत नाही, दिवसाला चारच्या वर नाही, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर आठवड्याला आठ तास. हे तास लिहून ठेवायचे असतात आणि कॉलेजात ते तपासायला वेगळं ऑफिस असतं. साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) होस्टेलवर सकाळ-संध्याकाळ घाम गाळलेल्या आपल्यासारख्यांना वीस तास म्हणजे चेष्टा वाटते. पण त्याच मुली ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षाही देत असतात.

लेसनचा हिशेब मांडून बघ. संघात १८ मुली. प्रत्येकीला आठवड्याला २० मिनिटांचे दोन लेसन. म्हणजे नुसते लेसनच बारा तास. ते सगळे प्लास्ट्रॉन (कोचचं जाड संरक्षक जॅकेट) घालून, मास्क चढवून, हातात हत्यार धरून उभ्याने द्यायचे. बारा तासांनी खांदा आणि कोपर बोलायला लागतात. कॉलेज कोचांपैकी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या फिजिओकडे पडीक असतात. डाव्या हातानेही लेसन देता आला तर तुझी किंमत वाढते, कारण डावखुऱ्यांशी खेळायची सवय लावायला संघात दुसरं कोणी नसतं.

कॉलेजच्या तलवारबाजीत मला सगळ्यात रस आहे तो पाच टचच्या बाउटमध्ये (टच म्हणजे लागलेला वार, त्याचा एक गुण; बाउट म्हणजे दोघींची एक लढत), म्हणून इथे जरा रेंगाळते. ड्युअल मीटमध्ये, म्हणजे दोन कॉलेजांच्या सामन्यात, प्रत्येक हत्यारात तीन मुली विरुद्ध तीन मुली, म्हणजे नऊ बाउट. तिन्ही हत्यारं मिळून सत्तावीस. चौदा ज्याच्या, मीट त्याची. सगळ्या बाउट पाच टचच्या. एका शनिवारी चार-पाच कॉलेजांशी लागोपाठ भिडायचं असतं, तेव्हा नेहमी उतरणारी मुलगी दिवसात बारा-पंधरा बाउट खेळते. राष्ट्रीय स्पर्धा तर अजून कडक : प्रत्येक हत्यारात चोवीस मुली, प्रत्येकीची उरलेल्या तेवीस जणींशी पाच टचची बाउट, दोन दिवस. त्यातून पहिल्या चौघी पंधरा टचच्या उपांत्य आणि अंतिम फेरीला जातात, तो वैयक्तिक किताब. संघाचे गुण मात्र त्या तेवीस-तेवीस बाउटमधल्या विजयांवरच मोजतात.

आता क्लबातून येणारी मुलगी बघ. पूल (स्पर्धेच्या सुरुवातीच्या छोट्या गटातल्या पाच टचच्या साखळी लढती) तिने शेकडो खेळलेले असतात, पण पूल तिच्या लेखी फक्त सीडिंगपुरता, म्हणजे पुढे कोणाशी गाठ पडणार ते ठरवण्यापुरता. खरा खेळ तिने पंधरा टचच्या डायरेक्ट एलिमिनेशनसाठी (बाद फेरीसाठी) बांधलेला असतो : पहिले तीन-चार टच समोरचीला चाचपडायचं, मधल्या विश्रांतीत कोचशी बोलायचं, मग डाव बदलायचा. पाच टचमध्ये चाचपडून होईपर्यंत ०-३ झालेलं असतं. सेबरमध्ये तर मिनिटही लागत नाही. म्हणून पहिलं अख्खं सत्र मी मुलींचा फक्त पहिला टच घडवते. ओळीने उभं करायचं, एका टचची बाउट, हरली ती मागे, जिंकली ती पुढच्या मुलीशी. कोणती कृती घेऊन ती पहिल्यांदा आत जाते, ती लोकांना माहीत झाली की दुसरी काय, हे तिला स्वतःला तोंडपाठ हवं. त्यानंतर ३-३ वरून बाउट, मग ४-४ वरून. एपीत तर ४-४ वर दुहेरी टच (दोघींचा एकाच वेळी लागलेला) मोजतच नाहीत, तेव्हा त्या एका टचला किती वेळ घ्यायचा ही वेगळीच विद्या.

यातून एक सवय लागते. मुलगी निवडताना मी तिचा अंतिम क्रमांक फारसा बघत नाही, पूलशीट बघते. नॉर्थ अमेरिकन कपात (इथली देशपातळीवरची स्पर्धा) तिसावी आलेली, पण पूलमध्ये सहा पैकी सहा जिंकून एकूण आठच टच खाल्लेली मुलगी मला हवी असते. आठवी आलेली, पण पूलमध्ये दर वेळी दोन बाउट हरून मग डायरेक्टमध्ये वर चढणारी मुलगी क्लबासाठी हिरा; कॉलेजच्या मीटमध्ये ती तुला शनिवारभर रडवेल. हे निकाल सगळे जाहीर असतात. बरेच कोच ते वाचत नाहीत, पदक बघतात. त्यांना ते करू दे.

मुलींच्या निवडीवरून दुसरी वही उघडते, प्रवेशाची. हेड कोचचा निम्म्याहून जास्त वेळ भरतीत जातो, हे आधीच मनाशी पक्कं धर. फेब्रुवारीतल्या ज्युनियर ऑलिंपिक्स (नाव तसं असलं तरी इथली ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा), हंगामातले नॉर्थ अमेरिकन कप, जून-जुलैतल्या समर नॅशनल्स. मोठ्या प्रदर्शन-हॉलांत चार-चार दिवस पिस्टच्या कडेला उभं राहायचं. दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून मुलींशी भरतीबद्दल थेट बोलता येतं, त्याआधी नाही. त्या रात्री बारा वाजता फोन करणारे कोच आहेत. मी सकाळी करते.

पैशाचं असं : डिव्हिजन १ मध्ये मुलींच्या तलवारबाजीला पाच पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि ती फोडून दहा-बारा जणींत वाटता यायची. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा गेली आणि त्याजागी संघात किती खेळाडू ठेवायचे याची मर्यादा आली. त्याच तडजोडीने खेळाडूंना पैसे द्यायची वाट उघडली, आणि तो पैसा बहुतांशी फुटबॉल-बास्केटबॉलला जाणार हे उघड आहे, म्हणून आमच्यासारख्या खेळांचे लोक सध्या श्वास रोखून आहेत. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, ब्राउन, कॉर्नेल अशा आठ नामांकित विद्यापीठांचा गट) आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मुळातच नाही. तिथे कोचकडे द्यायला असतो तो प्रवेशाच्या ऑफिसपाशी एक शब्द : ही मुलगी आम्हाला हवी आहे. असे शब्द वर्षाला मोजकेच मिळतात. ज्या कॉलेजात शंभर अर्जांत चार-पाच घेतात, तिथे त्या शब्दाची किंमत पालकांना बरोबर कळते. हार्वर्डच्या एका माजी तलवारबाजी कोचवर, एका श्रीमंत पालकाने त्यांचं घर भरमसाट किमतीला घेतलं म्हणून लाचेचा खटला झाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये ज्युरीने दोघांनाही निर्दोष ठरवलं, पण तोवर कोचची नोकरी गेली होती. तेव्हा पालकांकडून दिवाळीचा फराळसुद्धा घ्यायच्या आधी नियम वाचायचा. मी गंमत करत नाहीये.

फक्त मुलींच्या संघाची एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. १९९० पासून राष्ट्रीय सांघिक जेतेपद मुलं-मुली मिळून एकच आहे. प्रत्येक हत्यारात एका कॉलेजचे जास्तीत जास्त दोन मुलगे आणि दोन मुली, म्हणजे कमाल बारा खेळाडू. आमच्याकडे मुलगेच नाहीत, म्हणजे कमाल सहा. जेतेपदाच्या शर्यतीत आम्ही मुळात नसतोच. मग वर्षअखेरीला खेळ विभागाचे साहेब विचारतात, "आपण राष्ट्रीय स्पर्धेत बाराव्या क्रमांकावर कसे?" आणि त्यांना दर वर्षी हे गणित समजावावं लागतं. ज्यांना सांघिक किताब हवा ते पुढे मिश्र संघाकडे जातात. डारिया श्नायडर कॉर्नेलच्या मुलींच्या संघाच्या हेड कोच होत्या. २०१९ मध्ये हार्वर्डला गेल्या आणि २०२४ मध्ये हार्वर्डने सांघिक जेतेपद घेतलं. मूळच्या जॉर्जियाच्या (अमेरिकेतलं राज्य नव्हे, तिबिलिसीवाला देश) गिया क्वारात्सखेलिया नोत्र दामचे हेड कोच झाले आणि २०१७ पासून तिथे जेतेपदांची रांग लागली. परदेशातून आलेला कोच या देशात या खेळाच्या शेंड्यापर्यंत जातो, याचा याहून चांगला पुरावा तुला दुसरा मिळणार नाही.

पण हेड कोचांच्या बैठकीत बायका कमीच. पूर्व युरोपातून आलेले पुरुष कोच आणि त्यांचे शिष्य, अशी बरीचशी वंशावळ आहे. त्यांची विद्या अव्वल आहे, यात वाद नाही. पण असिस्टंट म्हणून बाई आली की एक ठरलेला प्रकार होतो : प्रवासाची तिकिटं तिने काढायची, हॉटेलच्या खोल्या तिने वाटायच्या, मुलगी रडत असली की तिच्याकडे पाठवायची, आणि लेसन मात्र पुरुष असिस्टंटने द्यायचे. तीन वर्षांनी हेड कोचच्या जागेसाठी अर्ज केला की विचारतात, "तुम्ही कोणाला घडवलंत?" नोकरी घेतानाच ठरवून घे की अमुक हत्याराचा स्क्वॉड माझा आणि आठवड्याचे इतके लेसन माझे. बोलून नव्हे, ईमेलवर.

मुलींचा संघ म्हणून वेगळं काय, हेही विचारलं आहेस. खेळाच्या दृष्टीने फार काही नाही. मुलींना "सॉफ्ट" लेसन द्यायचा असतो हा समज डोक्यातून काढून टाक. वेगळेपण बारीकसारीक असतं. मुलींना छातीला कडक प्रोटेक्टर सक्तीचा आहे. फॉइलमध्ये त्याच्यावर बाहेरून मऊ आवरण लागतं, कारण नुसत्या कडक प्लास्टिकवरून टोक घसरतं आणि टच लागत नाही. नीट न बसणाऱ्या प्रोटेक्टरने मुलीचा लंज आखडतो, आणि पुरुष कोच महिनोन्‌महिने तिच्या पायांत चूक शोधत बसतो. मी पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे प्रोटेक्टर बघते.

दुसरं, वजन. आपल्याकडे कोच सगळ्यांसमोर म्हणतो, "काय गं, जाडी झालीस!" इथे ते तोंडातून निघालं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. खाणं कमी, सराव जास्त, पाळी बंद, मग नडगीच्या हाडाला चीर, ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुझं काम लक्षणं ओळखून टीमच्या डॉक्टरकडे पाठवायचं. आहाराचा सल्ला द्यायचा नाही. तिसरं, लेसनमध्ये मुलीचा हात किंवा खांदा धरून जागेवर आणायची आपली सवय. इथे आधी विचारायचं, दार उघडं ठेवायचं, कोणाला दिसेल अशा जागी लेसन द्यायचा. सेफस्पोर्टचं (खेळातल्या छळ-शोषणाविरुद्धचं) प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्याशिवाय पिस्टवर पाय ठेवता येत नाही.

सगळ्यात अवघड दिवस फेब्रुवारीअखेरचा, जेव्हा विभागीय पात्रतेला कोण जाणार ते ठरतं. एका हत्यारात पाच मुली आहेत, राष्ट्रीय स्पर्धेला जास्तीत जास्त दोघी जाणार. चौथ्या वर्षाची मुलगी राहते, पहिल्या वर्षाची जाते. मी निवडीचे निकष सप्टेंबरमध्येच लेखी देते आणि फेब्रुवारीत ते बदलत नाही. रडारड तरीही होते.

असिस्टंटच्या वाट्याला अजून एक काम येतं, त्याची कोणी जाहिरात करत नाही : हत्यारांची दुरुस्ती. फॉइलच्या टोकातल्या स्प्रिंगने ५०० ग्रॅमचं आणि एपीच्या स्प्रिंगने ७५० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, बॉडी कॉर्ड (टच नोंदवणारी अंगावरची वायर) तुटलेली असते, सेबरच्या मास्कची तार गंजते. मोठ्या विद्यापीठांत वेगळा आर्मरर असतो, छोट्यांत तूच. आपल्याकडे साहित्य महाग म्हणून आपण एक ब्लेड जिवापाड जपलेलं असतं, प्रत्येक जण थोडाफार आर्मरर असतो. हे अर्जात लिही. खरंच लिही, लोक त्यासाठी घेतात.

पगार. मोठ्या विद्यापीठातल्या हेड कोचला व्यवस्थित मध्यमवर्गीय पगार, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाचा फंड आणि पुष्कळ ठिकाणी मुलांच्या फीत सवलत. ही शेवटची गोष्ट कॉलेजच्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई असू शकते. असिस्टंटला पूर्ण वेळाची नोकरी असेल तर शाळामास्तराच्या आसपास किंवा खाली. अर्धवेळ असेल तर नुसतं मानधन, त्यावर घर चालत नाही. बहुतेक जण संध्याकाळी खासगी क्लबात लेसन देतात, आणि चांगल्या क्लबातला कोच कॉलेजच्या असिस्टंटपेक्षा जास्त कमावतो. मात्र कॉलेजात काम करताना शाळकरी खेळाडूंना बाहेर शिकवण्यावर भरतीच्या नियमांची बंधनं आहेत, ती आधी विचारून घे. आकडा हवा असेल तर सरकारी विद्यापीठांचे पगार पुष्कळ राज्यांत जाहीर असतात. ओहायो स्टेट किंवा यूसी सॅन दिएगोच्या कोचचा पगार तू घरबसल्या बघू शकतेस.

आता तुझ्यासारखीने शिरायचं कसं. थेट भारतातून हेड कोच कोणी करणार नाही. चालणारी वाट एकच : इथे मास्टर्सला ये आणि त्याच कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून संघाला लाग. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तास काम करता येतं. २०२३ पर्यंत डिव्हिजन १ मध्ये बिनपगारी 'व्हॉलंटियर कोच' असं एक पद असायचं, पुष्कळ जण त्यातून वर आले. ते आता काढून टाकलंय, आणि बरंच झालं. पुढे कायमची नोकरी म्हणजे एच-१बी, कामाचा व्हिसा. विद्यापीठांना त्याच्या लॉटरीतून सूट आहे, हा आयटीवाल्यांपेक्षा आपला मोठा फायदा. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. तेवढे पैसे कुठलंही कॉलेज तलवारबाजीच्या असिस्टंटसाठी भरणार नाही, म्हणून आधी विद्यार्थी म्हणून आत येण्याला आता अधिकच अर्थ आलाय. नियम बदलत राहतात. एजंटचं ऐकू नकोस, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचार.

तुझ्या भारतातल्या निकालांचं इथे काय होईल? स्पष्ट सांगते, बहुतेकांना त्यांचा अर्थ लागणार नाही. भारताचं सेबर म्हटलं की इथल्या लोकांना भवानीदेवी माहीत असते : टोकियोतली पहिली बाउट १५-३ जिंकलेली, पुढे मॅनों ब्रुनेशी हरलेली, आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ब्राँझ मिळवलेली. तिला थलश्शेरीच्या साई केंद्रात घडवणारे सागर लागू हे त्यांना माहीत नसतात. तुझं काम दिसलं पाहिजे, त्यासाठी कागद आणि व्हिडिओ. अमेरिकेतल्या कोच संघटनेच्या मोनितर, प्रेव्हो, मेत्र अशा पायऱ्यांच्या परीक्षा असतात. कॉलेजात त्या सक्तीच्या नाहीत, पण परदेशी माणसाच्या अर्जात वजन देतात. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंगचा डिप्लोमा असेल तर त्यात काय शिकवतात ते दोन ओळींत समजावून लिही, नुसतं नाव लिहून कोणाला कळत नाही.

आणि भारतातच राहायचं ठरवलंस तर? आपल्या कॉलेजांत 'महिला तलवारबाजी कोच' असं पद नाही. शारीरिक शिक्षण संचालक असतो, तो सगळे खेळ बघतो. विद्यापीठाचा संघ निघायच्या आधी काही दिवसांचं शिबिर, त्यापुरता कोच, भत्त्यावर. पूर्ण वेळ काम हवं तर साई, खेलो इंडिया केंद्र, राज्याचा क्रीडा विभाग किंवा मोठ्या खासगी शाळा. तुझ्या शहरात साईचं केंद्र आहे, तिथल्या लहान मुलींना आत्ताच शिकवायला लाग, परवानगी मिळाली तर अगदी मदतनीस म्हणूनही. अमेरिकेचं जमलं किंवा न जमलं, तो अनुभव दोन्हीकडे चालतो.

व्हिडिओबद्दल शेवटचं. संगीत लावलेले, कापून जोडलेले व्हिडिओ पाठवू नकोस. एका मुलीला दिलेला वीस मिनिटांचा सलग लेसन, आवाजासकट, बाजूने घेतलेला. त्यात तुझे पाय आणि तिचे पाय दोन्ही दिसले पाहिजेत. मराठीत बोलत असलीस तरी चालेल, खाली सबटायटल दे. शिवाय त्याच मुलीच्या एका बाउटचा व्हिडिओ, ज्यात लेसनमधली कृती उतरलेली दिसते. असिस्टंटच्या जागा राष्ट्रीय स्पर्धेनंतर, म्हणजे एप्रिल ते जुलै, निघतात. ग्रॅज्युएट असिस्टंटसाठी मात्र त्याच्या आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच कोचला लिहावं लागतं, कारण मास्टर्सच्या प्रवेशाच्या तारखा तेव्हाच्या असतात. भारतीय पदवीचं मूल्यांकन करून घ्यायला विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका लागतात, आणि आपल्याकडे त्या मिळायला किती वेळ जातो ते तुला ठाऊक आहे. तो अर्ज या आठवड्यातच टाक.